ऑर्थोत (हाडांच्या शाखेत) येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी वर्षाला १ लाख रुपये आहेत. कसे खर्चावेत?

देवगडचा_जीपी

नमस्कार. मी देवगड तालुक्यात ३४ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. प्रश्न पैशांचा आहे, पण त्यामागची हकिगत सांगितल्याशिवाय तो कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

माझा एक मित्र आमच्या भागात हाडांचा डॉक्टर होता. गेल्या वर्षी गेला. आंब्याच्या दिवसांत कलमावरून पडलेले, माडावरून पडलेले, हायवेवर मोटारसायकलवरून फेकले गेलेले असे किती पेशंट मी रात्री-अपरात्री त्याच्याकडे पाठवले याची गणती नाही. झाडावरून टाचांवर पडलेल्या माणसाच्या नुसत्या टाचेचा फोटो काढून थांबायचं नाही, कमरेच्या मणक्यांचाही काढायचा, हे मला त्यानं शिकवलं. त्यामुळे चार-पाच जणांचे मोडलेले मणके वेळेत सापडले.

त्याची मुलगी एमबीबीएसला हुशार. इंटर्नशिप करताना तिला ऑर्थोच घ्यायचं होतं. सगळ्यांनी तिची समजूत घातली आणि त्यात तिचे वडील सर्वांत पुढे. "गायनॅक घे, डोळ्यांचं घे, हे तुझं काम नव्हे." तिनं डोळ्यांचं घेतलं. आज पुण्यात तिचं उत्तम चाललंय. पण शेवटच्या आजारपणात मित्र मला दोनदा म्हणाला, "एकदा तरी तिला माझ्याबरोबर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभी करायला हवी होती रे. मग तीच नको म्हणाली असती तर गोष्ट वेगळी."

वहिनींनी दवाखान्यातली यंत्रं विकली आणि त्यातले १५ लाख बाजूला ठेवलेत. व्याज वर्षाला साधारण १ लाख येईल. कोकणातल्या मुलींना या शाखेत येण्यासाठी त्याचा उपयोग व्हावा, एवढीच त्यांची इच्छा आहे. आमच्या डॉक्टर मंडळींच्या बैठकीत असं ठरत आलंय की दर वर्षी सर्जरीत पहिल्या येणाऱ्या मुलीचा शाल, श्रीफळ आणि रोख ५० हजार देऊन सत्कार करायचा. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. शिवाय एका सहकाऱ्यानं विचारलं, "फक्त मुलींनाच का?" मला नीट उत्तर देता आलं नाही. परदेशात अशी अनुदानं असतात असं ऐकून आहे. या क्षेत्रातल्या कोणी मोकळेपणानं सांगावं.

तळकोकणातली_ऑर्थो

सर, सत्कार करू नका. पहिल्या आलेल्या मुलीला त्या ५० हजारांनी काही फरक पडणार नाही, आणि बक्षीस मिळेपर्यंत तिचं काय घ्यायचं ते ठरलेलं असतं. जिला खरी गरज आहे ती मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला ऑर्थोच्या पोस्टिंगमध्ये मागच्या रांगेत उभी असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

मी वेंगुर्ल्याची. वडील एसटीत कंडक्टर, घरात डॉक्टर कोणी नाही. मी ऑर्थोत आले ती एका स्लॅबमुळे, म्हणजे हाताला एका बाजूनं बांधायच्या प्लास्टरच्या पट्टीमुळे. मनगट मोडलेली एक आजी कॅज्युअल्टीत होती. रजिस्ट्रार सरांनी हाड ओढून जागेवर आणलं होतं आणि त्यांना हात सोडता येत नव्हता. आजूबाजूला मुलगा कोणी नव्हता, म्हणून मला हाक मारली. "दहा पदर घे. पाण्यात सोड. बुडबुडे थांबेपर्यंत काढू नको." मी बुडबुडे थांबायची वाट बघितली, दोन्ही टोकं धरून स्लॅब निथळली आणि हातावर घातली. "बोटांनी दाबू नको, खड्डे पडतील. तळव्यानं." काही मिनिटांत माझ्या तळव्याखाली प्लास्टर कोमट झालं, मग चांगलं गरम झालं आणि घट्ट बसलं. आजीनं डोळे उघडून विचारलं, "झाला काय गे?" त्या रात्री हॉस्टेलवर माझ्या नखांत प्लास्टर अडकलेलं होतं आणि मला ते काढावंसं वाटत नव्हतं.

हे सगळं योगायोगानं झालं. वहिनींच्या पैशांतून तोच योगायोग दर वर्षी दोन-तीन मुलींच्या वाट्याला ठरवून आणता येईल, एकेकीला पंधरा दिवस एखाद्या ऑर्थो सर्जनबरोबर ठेवून. माझं म्हणणं एवढंच आहे.

परदेशाचं विचारलंत म्हणून सांगते. अमेरिकेत मेडिकलच्या विद्यार्थ्यांत आता निम्म्याहून जास्त मुली आहेत, पण प्रॅक्टिस करणाऱ्या ऑर्थो सर्जनांत बायका ६ टक्क्यांच्या आसपासच. तिथे रूथ जॅक्सन नावाच्या बाई डॅलसला प्रॅक्टिस करायच्या. १९३३ साली अमेरिकेतल्या ऑर्थो सर्जनांची अकॅडमी निघाली तेव्हा प्रॅक्टिस करणाऱ्या पुरुषांना परीक्षेशिवाय सभासद करून घेतलं. या बाईंना मात्र आधी बोर्डाची परीक्षा द्यायला लावली. १९३७ साली त्या पास झाल्या, बोर्डाचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या पहिल्या बाई. १९८३ साली त्यांच्या नावानं स्त्री ऑर्थो सर्जनांची संस्था निघाली. ती मार्गदर्शनासाठी आणि प्रवासासाठी अनुदानं देते. २००९ पासून पेरी इनिशिएटिव्ह नावाचा उपक्रम आहे. त्यात शाळकरी मुलींच्या हातात ड्रिल देतात आणि प्लास्टिकच्या हाडांवर स्क्रू, प्लेट बसवायला लावतात. एन्थ डायमेन्शन्स ही संस्था २००४ ची. मेडिकलचं पहिलं वर्ष संपलं की सुट्टीतले आठ आठवडे विद्यार्थ्याला एका सर्जनबरोबर ठेवतात, तेही भत्ता देऊन. या सगळ्यांचा भर कशावर आहे बघा. शाखा निवडायच्या कितीतरी आधी मुलीला त्या कामात उभं करायचं, आणि नंतर तिच्या पाठीशी एक माणूस वर्षानुवर्षं ठेवायचा.

प्लास्टिकची हाडं आपल्याला महाग पडतील. पण आपल्याकडे कळक (बांबू) आहे. पोकळ कळकाचं एक कांडं शिकंज्यात धरून त्यावर ड्रिल मारायला लावा. पहिली भिंत फुटते, मग पोकळी लागते, मग पलीकडची भिंत. लांब हाडाची रचनाही तशीच असते. दुसरी भिंत फुटते त्या क्षणी हात थांबला पाहिजे, नाहीतर ड्रिल पलीकडच्या शिरेत घुसतं. तो थांबायचा अंदाज मी स्वतः घरामागच्या कळकावर शिकले. पलीकडे ओलं फडकं धरायचे. फडक्याला भोक पडलं की चुकलं.

आता माझी तक्रार सांगते, कारण तीसुद्धा खर्चाच्या हिशेबात यायला हवी. मी पीजी (पदव्युत्तर शिक्षण) केलं तिथे ऑर्थोत ड्युटी रूम एकच होती आणि ती मुलांची. मी दोन इमारती ओलांडून गायनॅकच्या खोलीत झोपायचे. रात्री कॉल आला की मी पोचेपर्यंत सहकाऱ्यानं रिडक्शन, म्हणजे हाड जागेवर बसवणं, उरकलेलं असायचं आणि सकाळी राउंडला मला ऐकावं लागायचं की मॅडम उशिरा येतात. सात महिन्यांनी एका सिस्टरनं भांडून स्टोअरची खोली रिकामी करून घेतली. खोलीला आतून कडी नव्हती. ती मी माझ्या पैशांनी बसवून घेतली. त्या कडीनंतर माझ्या हातून झालेली रिडक्शन्स लॉगबुकात मोजली तर फरक स्पष्ट दिसतो.

दुसरी गोष्ट लेड ॲप्रन, क्ष-किरण अडवणारा शिशाचा. विभागातले सगळे ॲप्रन मोठ्या मापाचे. माझ्या अंगावर काखेत एवढी फट राहायची की स्तनाचा वरचा बाहेरचा भाग उघडाच. क्ष-किरण सर्वांत जास्त विखुरतात ते पेशंटच्या अंगावरून आणि त्या फटीतून ते थेट आत येतात. अमेरिकेतल्या स्त्री ऑर्थो सर्जनांच्या पाहणीत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण इतर बायकांपेक्षा जास्त आढळलं होतं. हे वाचलं त्या दिवशी मी खांद्यावर बँडेजचा रोल ठेवून ॲप्रन आवळला आणि पहिल्या पगारातून माझ्या मापाचा जाकीट-स्कर्टचा जोड घेतला. त्याचं निम्मं वजन कमरेवर येतं, खांदे मोकळे राहतात.

मुलींचा पहिला प्रश्न हाच असतो, "मॅडम, सी-आर्ममुळे मूल होण्यात अडचण येते का?" (सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायचं क्ष-किरण यंत्र.) कुणी नीट उत्तर देत नाही, म्हणून त्या शाखाच सोडतात. उत्तर द्यायला हवं. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) आहे. गरोदर असल्याचं कळवल्यावर उरलेल्या महिन्यांत गर्भाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. छातीवर टीएलडी बॅज (अंगावर पडलेली किरणांची मात्रा नोंदवणारा बिल्ला) लावायचा, तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. सी-आर्मची नळी टेबलाखाली ठेवायची, आणि फोटो घेताना दोन पावलं मागे व्हायचं; अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथ्या हिश्श्यावर येते. माझी दोन्ही मुलं या कामात असतानाच झाली.

रत्नागिरी_एमएस

विचार चांगला आहे, पण एक शंका मनापासून मांडतो. मी २६ वर्षं हे काम करतोय. खुबा निखळलेला ८५ किलोचा माणूस रात्री दोनला येतो तेव्हा अंगात बळ लागतं. मुलींना उत्साहानं या शाखेत आणायचं आणि पुढे त्यांनाच त्रास व्हायचा, असं होऊ नये.

तळकोकणातली_ऑर्थो

सर, तुमची काळजी खरी आहे, म्हणून मी काय करते तेच सांगते. मी ५४ किलोची आहे. पेशंट स्ट्रेचरवर उताणा. भूल दिलेली. मदतनीस कंबर दाबून धरतो. मी माझा पाय स्ट्रेचरवर टेकवते, गुडघा पेशंटच्या गुडघ्याखाली सरकवते, एका हातानं त्याचा घोटा खाली धरते आणि चवड्यावर उठते. उचलण्याचं सगळं काम माझी पोटरी करते. धीर धरून मांडी थोडी आत-बाहेर फिरवली की सांधा खडकन बसतो. हातांनी ओढत बसलं तर बळ लागतंच, आणि पेशंटचं हाड मोडायची भीती वेगळी. सहा तासांच्या आत बसवायचा असतो, तेव्हा हाकेच्या अंतरावर कोण आहे हे बळापेक्षा महत्त्वाचं.

"फक्त मुलींनाच का?" याचं माझ्याकडचं उत्तर आकड्यांत नाही. मागच्या पावसाळ्यात मालवणकडून एका आजीला आणलं. खुब्याचं हाड मोडून आठ दिवस झाले होते. पाठीला जखम झालेली, लघवी तुंबलेली. मी रागावले, इतके दिवस का थांबलात? म्हातारी म्हणाली, "पुरूस डागतराक मांडी कशी दाखवूची, म्हणान पडान रवलंय. कोणी सांगल्यान, हय बाई आसा." ऑपरेशन आठ दिवस आधी झालं असतं तर तिला जखम झाली नसती. तिचा मुलगा दुसऱ्या दिवशी मला विचारत होता की ऑपरेशनला मोठे डॉक्टर कधी येणार. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या. ही दोन्ही माणसं बदलायची तर इथे एक बाई पुरणार नाही, पाच-सात हव्यात.

आणि मला वर आणणारे सगळे पुरुषच होते, हेही लिहून ठेवते. मनगट धरून उभे असलेले ते रजिस्ट्रार सर आजही माझा फोन उचलतात. तुम्ही पंधरा दिवस एखाद्या मुलीला तुमच्याकडे ठेवून घेतलंत तर मला फार आनंद होईल.

हर्णैचा_जेआर२

मॅडमच्या लिहिण्यात एक भर घालतो. मी मुलगा आहे, त्यामुळे हे अनुदान मला नसतं मिळालं, आणि त्याची तक्रार नाही. पण अडचण नुसती मुलगी असण्याची नसते. माझे बाबा मच्छीमार बोटीवर. दहावीपर्यंत मराठी माध्यम. एमबीबीएसला माझ्या रूममेटचे काका रेडिओलॉजिस्ट होते. कुठल्या शाखेत काय असतं, कुणाला भेटायचं, पीजीचे पसंतीक्रम भरताना काय बघायचं, हे त्याला जेवताना घरी कळायचं. मला विचारायचं काय हेच ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी ऑर्थो म्हणजे नुसतं प्लास्टर समजत होतो.

अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि इतर मागे राहिलेल्या समाजांतल्या ऑर्थो सर्जनांसाठी जे. रॉबर्ट ग्लॅडन यांच्या नावाची संस्था १९९८ पासून आहे. त्यांनाही हेच जाणवलं असणार. म्हणून वहिनींची इच्छा मोडू नका, मुलींनाच द्या, पण निवडताना बघा की घरातली पहिली डॉक्टर कोण, बंदरावरच्या वाडीतली कोण, कातकरी वाडीतून आलेली कोण. इंग्रजीत निबंध मागवू नका. त्यात आमची मुलं तिथल्या तिथे गळतात. समोर बसवून मराठीत बोला.

आणखी एक. पीजीच्या प्रत्येकाला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. कोकणात त्यासाठी ऑर्थोची कुणी मुलगी आली की अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथल्या मेडिकल कॉलेजच्या मुलींशी तिची एक संध्याकाळ ठेवा. मोठ्या सर्जनला जे विचारायला जीभ उचलत नाही ते तिला विचारतील. खर्च चहा-भज्यांचा.

देवगडचा_जीपी

सगळ्यांचे आभार. हे सगळं मी वहिनींना फोनवर वाचून दाखवलं. कडीचं ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दोन शंका आहेत. एक, १ लाखात हे बसेल का? दोन, एका इम्प्लांट (हाडांत बसवायच्या प्लेट-स्क्रूंच्या) विक्रेत्यानं दर वर्षी तेवढीच रक्कम आपल्याकडून घालायची तयारी दाखवली आहे. पैसे दुप्पट होतील. घ्यावेत का?

तळकोकणातली_ऑर्थो

आधी दुसरं. घेऊ नका. अमेरिकेतल्या अशा कार्यक्रमांना इम्प्लांट कंपन्यांचा पैसा असतो, तो त्यांचा प्रश्न. आपल्याकडे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत २००९ साली कलम ६.८ घातलं. डॉक्टरनं कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च, पाहुणचार घ्यायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, वीस वर्षांच्या मुलीच्या पहिल्या ड्रिलवरच एका कंपनीचं नाव असेल तर पुढे पेशंटला कुठली प्लेट घालायची हे ती मोकळ्या मनानं कसं ठरवेल? तुमचे १ लाख स्वच्छ आहेत, ते तसेच राहू देत. ट्रस्टची ८०जी नोंदणी (देणगीवर प्राप्तिकरात सवलत देणारी) करून घ्या, म्हणजे गावातले लोक पाच-दहा हजार आनंदानं देतील.

आता हिशेब. तीन मुली, प्रत्येकी पंधरा दिवस. राहणं-जेवण घरगुती ठेवलं तर एकीचे ९ हजार आणि येण्या-जाण्याचे २ हजार, म्हणजे ३३ हजार. एक दिवसाची कळकावरची कार्यशाळा, तीत वीस-पंचवीस मुली येतील, १० हजार. दर वर्षी एक ॲप्रनचा जोड, लहान मापाचा, कोकणातून ऑर्थोच्या पीजीला लागलेल्या मुलीच्या नावानं. मी घेतला तेव्हा १५ हजारांच्या आत मिळाला. पाच-सहा हजार माझ्या ओटी असिस्टंटला. मला मानधन नको, पण त्या पंधरा दिवसांत शिकवायचं अर्धं ओझं त्याच्यावर पडतं आणि ते कुणी मोजत नाही. उरलेले पस्तीस-एक हजार हातात ठेवा. पुढे यातली एखादी पीजीला लागली की तिला मुंबई-पुण्यात एखाद्या अनुभवी बाई सर्जनकडे आठवडाभर पाठवता येईल, किंवा कुठल्या होस्टेलच्या खोलीला कडी बसवायची असेल.

आणि ज्याच्यासाठी पैसे लागत नाहीत ते लेखी घ्या: पंधरा दिवस ठेवून घेणाऱ्या सर्जननं पुढची तीन वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या मुलीला स्वतः फोन करायचा. तिनं करायचा असं ठरवलंत तर ती संकोचून करणार नाही. ती मध्येच म्हणाली की मला ऑर्थो नको, बालरोग घेते, तरी फोन थांबवायचा नाही.

मी पहिल्या वर्षी एक मुलगी घेते. गणपतीनंतर पाठवा.

रत्नागिरी_एमएस

दुसरी माझ्याकडे. पोटरीचं तंत्र मी पुस्तकात वाचलं होतं, केलं कधी नाही. पुढच्या वेळी करून बघतो.

देवगडचा_जीपी

काल वहिनींकडे जाऊन आलो. सत्काराचा ठराव मागे घ्यायचा हे बैठकीत मी सांगेन, त्या सोबत येतो म्हणाल्या. मुलीशीही बोलणं झालं. ती कार्यशाळेच्या दिवशी पुण्याहून येणार आहे.

यंत्रं विकली तेव्हा एक वस्तू त्यांनी दिली नव्हती. मित्राचं जुनं हँड ड्रिल, हातानं मूठ फिरवायचं, वीज नसताना तो ते वापरायचा. लाकडी मूठ त्याच्या अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झाली आहे. सोबत ३.२ आणि २.५ मिलिमीटरची ड्रिल बिट्स एका गॉझच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली. वहिनी विचारत होत्या, कळकावर हे चालेल का?

तळकोकणातली_ऑर्थो

चालेल सर. हातानं फिरवलेल्या ड्रिलवर भिंत फुटल्याचं बोटांना जास्त नीट कळतं. चकला (बिट पकडणाऱ्या भागाला) थोडं तेल लावून आणा. कळक मी वेंगुर्ल्याहून आणते.